बाईचा थांबा

या, पुढे सरकून बसा. दाराशी कशाला घुटमळता? चपला इथे कोणी नेत नाही. आज तुम्हाला परसरामजींच्या घरच्या काल्याची गोष्ट सांगतो. बोळवण पुलाखाली टाळ कुटत उभी राहिली आणि गाडी सगळ्यांच्या डोक्यावरून निघून गेली, ती गोष्ट. हसू येईल. खुशाल हसा. पण हसताना रुचितावर नजर असू द्या, कारण त्या दिवशी जीव टांगणीला होता तो त्या पोरीचा.

त्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, तरी पुन्हा सांगतो. देवाघरची रीत दोनदा ऐकली तर कान झिजत नाहीत. सप्ताहाचा काला झाला की कीर्तनकाराला टाळमृदंगाच्या गजरात गाडीपर्यंत पोचवायचं, हीच बोळवण. आसगावचे इश्वरबुवा कोणाच्या मोटारीत बसत नसत. "लोकांतून आलो, लोकांतूनच जाईन," हा त्यांचा नेम. गाडीच्या पायरीशी यजमानानं हात जोडून विचारायचं, "सेवेत काय उणं राहिलं?" आणि जाणाऱ्यानं एक तरी उणं सांगायचंच. काही नाही म्हणायची मुभा नाही. जे सांगितलं ते पुढच्या सप्ताहाआधी यजमानानं भरून काढायचं. एका साली बुवा म्हणाले, ताकात मीठ कमी होतं. दुसऱ्या साली म्हणाले, मागच्या म्हाताऱ्यांना ऐकू जात नव्हतं. तेव्हा परसरामजींनी भोंगा आणला.

ही रीत घातली परसरामजींच्या थोरल्या बहिणीनं, सत्यवतीबाईनं. तरुणपणीच कुंकू पुसून माहेरी आलेली ती बाई. पळसटोलीच्या चौकात तेव्हा गाडी थांबत नसे, लाखनी सोडली की थेट साकोली. बाई उन्हाळाभर कडुनिंबाखाली पाण्याची घागर घेऊन उभी राहायची. ड्रायव्हर पाण्यासाठी थांबायचे, तेवढ्यात माणसं चढायची, उतरायची. घागरीनं थांबा केला. पुढे कंडक्टरच ओरडू लागले, "चला, बाईचा थांबा!" बाई गेली, भंडारा जिल्हा फुटला, अर्धी नातीगोती गोंदियाकडे गेली, पण ओरड तीच राहिली. मग उड्डाणपूल आला, कडुनिंब गेला, आणि गावच्या वाहतूक समितीनं ठरवलं की गाड्या आता वरूनच जातील. थांबा पुलाच्या टोकाशी, राईस मिलच्या पुढे.

त्या समितीत परसरामजींचा थोरला धर्मेंद्र होता. त्यानं हात वर केला होता. आणि यंदा सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी परसरामजींनी आपलं उपरणं त्याच धर्मेंद्राच्या खांद्यावर टाकलं होतं. यजमान आता तो.

*

काल्याच्या सकाळी स्वयंपाकघरात पोह्यांचं टोपलं, दह्याची गंजं, लाह्या, मिरच्या, आंब्याचं लोणचं. परसरामजींच्या घरच्या तुळसाबाई परातीत काला कालवत होत्या आणि नात रुचिता, धर्मेंद्राची लेक, डाळिंबाचे दाणे सोडत होती. दोघींच्या ओठांवर आतल्या गजराचा ताल होता. उघड्या दारातून मृदंग असा घुमत होता की फळीवरची भांडी हलत होती.

"आजी," रुचिता हळूच म्हणाली, "बुवाची गाडी खालून येणार आहे म्हणे?"

"तुझा बाप म्हणते ना. म्हणे, मी डेपोत फोन केला. एक्सप्रेस तेवढी वरतून, साधी गाडी खालूनच येते."

"नाई येत आजी. एकही येत नाई."

तुळसाबाईंचा हात परातीतच थांबला. पोरीची एक गोष्ट घरात फक्त त्यांनाच ठाऊक होती, पण खालून एकही गाडी येत नाही हे त्यांनाही नवं होतं. रुचिता भंडाऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाचं दुकान उघडण्याआधी निघायची, मिटल्यावर परतायची, म्हणून घरच्यांना वाटायचं, पोरगी चौकातून चढते अन् चौकातच उतरते. पोरगी रोज राईस मिलपर्यंत चालत जायची, अंधार पडल्यावर तेवढंच चालत यायची.

"मंग सांगून टाक ना बापाले."

"सांगू? मागं शेजारच्या पोरीले ट्रकवाल्यानं घासलं तवा काय म्हणाले बाबा? म्हणाले, पोरींनी कायले जावं तिकडं. हे नाई म्हणाले का थांबा तिकडं कायले नेला. मी सांगतलं तर गाडी खाली नाई येणार आजी. मीच घरात येणार."

 पोरीचं खरं होतं. धर्मेंद्र वाईट माणूस नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता, आणि भीती तिथूनच निघत होती.

"आज ड्यूटी हाय ना तुई?"

"हाव. बुवाच्याच गाडीनं जातो म्हटलं."

"मंग जाय. पांडुरंग हाय," असं म्हणून त्यांनी परात उचलली. डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकलायला बरं पडलं.

*

काल्याचं कीर्तन काय वर्णावं! ज्यानं ऐकलं तो सुखी झाला. बुवांनी सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एका कांबळ्यावर उघडल्या. कोणाची भाकर, कोणाचा भात, कोणाचं नुसतंच मीठ; आणि देवानं सारं एकत्र कालवून एकेकाच्या तोंडात घास घातला, तेव्हा मांडवातली म्हातारीकोतारीसुद्धा उठून नाचली. हंडी फुटली. दह्याचे शिंतोडे धर्मेंद्राच्या नव्या उपरण्यावर उडाले, आणि त्याला असं भरून आलं की त्यानं बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. आज सगळं आपल्या हातून नीट पार पडावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग पंगत बसली, आणि पंगतीत पुलाचा विषय निघाला. गेले कित्येक दिवस पळसटोलीत दुसरा विषयच नव्हता.

सुरुवात केली धाकट्या अतुलनं. तो भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवायचा, मोटारीनं यायचा, आणि मोबाईलवर गावाच्या गटात रोज लांबलचक लिहायचा. "मी गटात मत घेतलं दादा. बहुतेकांचं म्हणणं पडलं, गाड्या वरतूनच बऱ्या. लोकमत हाय हे."

"मी तर आधीपासून म्हणून राहिलो," धर्मेंद्र वरणाची बादली घेऊन फिरत म्हणाला. "चौक कसा मोकळा झाला! दुकानासमोर हात पसरून उभं राहता येते."

"तुमच्या हार्डवेअरसमोर मोकळं झालं भाऊ," पलीकडून धनीराम म्हणाला. चौकात त्याचं चहा-समोशाचं हॉटेल. ठरावाच्या वेळी तो धर्मेंद्राच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता. "माह्या समोश्याले माशा खाऊन राहिल्या. गिऱ्हाईक गाडीतून उतरत होतं, हे मले तवा कोणं सांगतलं नाई."

"आता काहून रडता? तवा तं म्हणत होता, गाड्यांच्या धुरानं समोसे काळे पडते."

"तवा पडत होते ना!"

पंगतभर हशा पिकला. धनीराम त्या क्षणी फुटून अतुलकडे वळला. "अतुलभाऊ, तुमीच सांगा. पुलाखाली मोठं स्टँड बांधलं तर?"

"स्टँड जुनी गोष्ट झाली," अतुल म्हणाला. "बॅटरीच्या छोट्या बसा पायजे. गोल गोल फिरणाऱ्या. मी एका व्हिडिओत पाहिलं, परदेशात एका गावात असं केलं तर लोकायनं मोटारीच विकल्या."

"त्या गावात नाल्या हायेत का?" कोणीतरी विचारलं.

"नालीचा काय संबंध?"

"आपल्या इथं गोल फिरली का नालीतच जाते."

पुन्हा हसू. धर्मेंद्राच्या बायकोनं, सरितानं, भाताची परात हातात धरून एकदा दिराकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "मी काय म्हणतो भाऊजी, तुमी शेवटी गाडीत कधी बसले होते?"

"कोणत्या गाडीत?"

"लालगाडीत."

अतुल आठवू लागला. धर्मेंद्रानं बादली उचलली. "बसायचा काय संबंध, सरिता? धोरणाची गोष्ट सुरू आहे."

"तसं नाई, सहज विचारलं," म्हणत ती पुढे सरकली. पण तिनं मांडवातल्या एकेका चेहऱ्यावर नजर फिरवली. वाद घालणारा प्रत्येक जण मोटारसायकलवर आला होता. जे गाडीनं आले होते ते मागच्या ओळीत मान खाली घालून जेवत होते. आणि जेवणाकडे लक्ष नसलेली तिची स्वतःची पोरगी खांबाला टेकून पायातल्या चपलेचा पट्टा दोऱ्यानं बांधत होती. एवढ्या लवकर कशी झिजली ही चप्पल, असं सरिताच्या मनात आलं, आणि तेवढ्यात कोणीतरी भात मागितला.

परसरामजी शेवटी बसले होते. ते एकच म्हणाले, "बुवाची गाडी चुकवू नका. बाकी सारं नंतर बोला."

*

बोळवण निघाली. पुढे पताका, मग टाळकरी, मग मृदंग, मध्ये गळ्यात हार घातलेले इश्वरबुवा, हातात वीणा, काखेत पिशवी. बायकांच्या फुगड्या. उन्हाला थंडीची धार होती, धान घरात आलेलं होतं, आणि माणसं मोकळी होती. तुळसाबाईंचे गुडघे त्या दिवशी दुखलेच नाहीत. चौकात पुलाखाली गजर असा कोंदला की वरचं काँक्रीटच गातंय असं वाटावं.

धर्मेंद्र रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात दाखवत होता. "इकडं राहा, इकडं! गाडी इथं लागते. पायरीजवळ जागा सोडा!"

"येते ना रे नक्की?" तुळसाबाईंनी विचारलं.

"माय, मी समितीत हावो! मले मालूम नाई होणार?"

आणि आली. लांबून हॉर्न ऐकू आला. टाळकऱ्यांनी लय वाढवली, बुवांनी वीणा सावरली, धर्मेंद्रानं उपरणं सारखं करून हात जोडले. हॉर्न जवळ आला. मग वर आला. मग पुलाच्या कठड्यावरून लाल टप तेवढा सरकताना दिसला, आणि मंडळीच्या टाळांवरून, मृदंगावरून, जोडलेल्या हातांवरून, गाडी सगळ्यांच्या डोक्यावरून निघून गेली.

मृदंग एक ठोका जास्त वाजला आणि थांबला.

बुवांनी मान वर करून पुलाच्या पोटाकडे पाहिलं. "यजमान," ते म्हणाले, "तुमची गाडी वैकुंठाची दिसते. माझा अजून तेवढा अधिकार नाही."

हशाचा असा लोट उठला की धनीराम खालीच बसला. पण धर्मेंद्राचा चेहरा उतरला होता. "साधी गाडी खालून येते म्हणून... ठरावात तसंच..."

"ठराव तू वाचला होता का धर्मा?" परसरामजींनी विचारलं.

धर्मेंद्र पुन्हा उपरणंच सारखं करू लागला.

"मी सोडून देतो बुवा माझ्या मोटारीनं," अतुल पुढे झाला.

"नाही बाबा. मागून दुसरी गाडी असेलच." बुवांनी वीणा पुन्हा खांद्याला लावली. "जिथं गाडी थांबते तिथं बोळवण. चला! नाम घ्या!"

आणि दिंडी पुलाच्या टोकाकडे वळली.

*

धर्मेंद्र पुढे चालत होता, आणि त्याला आपलंच गाव ओळखू येईना. मोटारीच्या काचेतून हा रस्ता कधी एवढा लांब दिसला नव्हता. ट्रक ओळीनं उभे. नालीचं पाणी रस्त्यावर. बायका पातळं उचलून चालत होत्या. दोन ट्रकांच्या मधून टाळकरी एकेक करून निघाले, तेव्हा गजर तुटला. दिव्याचे खांब कुठे आहेत ते तो शोधू लागला. कुठेच नव्हते.

"रात्री इथं काय होत असन?" अतुल पुटपुटला. त्यानं मोबाईल खिशात घातला होता.

भंडाऱ्याकडे जाणारी गाडी पलीकडच्या अंगाला लागायची. मध्ये दुभाजक. वळसा घ्यायला वाट नव्हती. लोकांनी चढायला दगड मांडले होते. तुळसाबाई पहिल्या दगडावर पाय ठेवणार, तोच मागून आवाज आला.

"तिथून नाई आजी! तो दगड हालते. इथून, हा चपटा. आता डाव्या हातानं सळाख धरा. उतरल्यावर लगेच चालू नका, मिलचा ट्रक मागं येते तवा हॉर्न वाजवत नाई."

रुचिता बोलली आणि बोलून गेली. आजीचा हात धरून तिनं आपला पाय बरोबर चपट्या दगडावर ठेवला होता, खाली न पाहता.

बाकीचे उतरले. धर्मेंद्र दुभाजकावरच उभा राहिला.

"रुचे."

"हं."

"तुले कसं मालूम कोणता दगड हालते?"

तिनं खोटं शोधलं, मिळालं नाही. "रोज येतो ना बाबा इथून."

"अन् संध्याकाळी?"

"संध्याकाळीबी इथूनच."

त्याच्या डोळ्यांसमोरून अंधार गेला, ट्रक गेले, शेजारची ती घासलेली पोरगी गेली. आणि रुचिताला ज्याची भीती होती तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "बस झालं. उद्यापासून कालेज बंद."

"धर्मेंद्रजी!" सरितानं नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारली. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. "पोरगी काहून बंद? तुमी तर गाडी बंद केली ना?"

"तू मधात नको बोलू!"

"मधातच उभी हावो मी. इकडं ट्रक, तिकडं तुमी."

कोणी हसलं नाही.  तेवढ्यात राईस मिलच्या वळणावर लाल तोंड दिसलं. गाडी आली होती. थांब्याला छप्पर नव्हतं, पाटी नव्हती, नुसता कोंड्याचा ढीग होता. पण तिथल्या दोनचार माणसांनी हात केला आणि गाडी थांबली.

*

आता रीत. गाडी धडधडत उभी, कंडक्टर दारात वाकून आश्चर्यानं पाहतोय, टाळकरी गोल करून उभे. धर्मेंद्र पायरीशी आला. त्याचा राग उतरला नव्हता, पण खांद्यावर उपरणं होतं. त्यानं हात जोडले.

"बुवा, सेवेत काय उणं राहिलं?"

इश्वरबुवांनी गळ्यातला हार काढला.  दिवे नाहीत म्हणतील, का रस्ता नाही म्हणतील?

"माझं पोट भरलं, मन भरलं," बुवा म्हणाले. "पण सत्यवतीबाईंची रीत काय आहे? जाणाऱ्यानं सांगायचं. आज या पायरीवरून जाणारे दोघं आहेत. मी म्हातारा, वर्षातून एकदा येणारा. ही रोज जाते." त्यांनी हार रुचिताच्या ओंजळीत ठेवला. "तिला विचारा यजमान."

"पोरीले विचारू?"

"यजमानानं माणूस पाहून विचारायचं नसतं."

धर्मेंद्रानं बापाकडे पाहिलं. परसरामजींनी फक्त मान हलवली. तेव्हा पळसटोलीच्या त्या मानी माणसानं लेकीसमोर हात जोडले. 

"सांग. काय उणं राहिलं?"

रुचिताच्या मनात किती तरी दिवस साठलं होतं. दगड, नाली, अंधार, अंगाशी येऊन जाणारे ट्रक. सगळ्यांना वाटलं आता ती त्याची माळ लावेल. पण बापाचे जोडलेले हात पाहिल्यावर तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"बाबा, तुमी कधी सोबत नाई आले. येवढंच उणं."

कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती, ती सोडून दिली.

 धर्मेंद्रानं उपरण्यानं तोंड पुसलं, दह्याचा वास आला असावा. "पुढच्या सप्ताहाआधी भरून काढायचं असते ना बाबूजी?" त्यानं परसरामजींना विचारलं.

"हाव. तशी रीत हाय."

"मंग सरक पोरी." आणि तो लेकीच्या मागोमाग पायरी चढला.

"अहो, निघाले कुठं?" सरिता ओरडली.

"भंडाऱ्याले! हिच्यासोबत जातो, अंधार पडल्यावर हिच्यासोबतच उतरतो. अतुल, तू बी चढ! धनीराम, चल! लय लोकमत लोकमत करून राहिले होते!"

"माझी मोटार..." अतुल म्हणाला, पण तुळसाबाईंनी त्याला पाठीत धपका घालून पायरीवर ढकललं. धनीराम आपणहून चढला. टाळांचा असा कडकडाट झाला की मिलची कबुतरं उडाली. बुवा खिडकीशी बसले आणि खिडकीतूनच गजर धरला, आतले लोक बाहेरच्यांच्या टाळीत टाळी देऊ लागले, आणि कंडक्टर हसत हसत तिकिटाचं यंत्र घेऊन धर्मेंद्रापाशी आला.

"कुठून बसले भाऊ? या थांब्याले नावच नाई."

धर्मेंद्रानं लेकीकडे पाहिलं. ती हार मांडीवर ठेवून बसली होती.

"बाईचा थांबा," तो म्हणाला.

"तो तर मागं राहिला, पुलाखाली."

"मालूम हाय. आणायचा हाय तो परत. तू तिकीट तिथूनच फाड."

गाडी हलली. रुचितानं बापाच्या दह्यानं भरलेल्या खांद्यावर डोकं टेकलं. कॉलेजचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

गाड्या खाली आणायला पुढे समितीत किती डोकी फुटली, कोण कोणाकडून फिरलं, अतुलनं गटात काय लिहिलं, ते सारं झालंच. माणसांचे वाद असे एका गजरात संपत नाहीत. मी तुमच्याकडे एकच मागतो. उद्या कुठल्या रस्त्याच्या कडेला उभे असाल, हात कराल, आणि गाडी तुमच्यासाठी थांबेल. तेव्हा पायरीवर पाय ठेवण्याआधी कडुनिंबाखाली घागर घेऊन उभ्या असलेल्या सत्यवतीबाईची आठवण काढा. पाणी प्यायले असाल तर दोनदा काढा.